आधी उत्पन्न, मग चित्रपट: हॉलिवूडच्या स्वस्त वेस्टर्न निर्मात्यांचा हिशोब

विचारलेला प्रश्न असा आहे: १९३० च्या दशकात हॉलिवूडमधले छोटे निर्माते पाच-सहा दिवसांत आणि दहा-पंधरा हजार डॉलरमध्ये काउबॉयचा आख्खा चित्रपट कसा पुरा करत, त्यातून त्यांना नफा कसा सुटत असे, आणि एडिसनच्या पेटंट-ट्रस्टला चुकवून कॅलिफोर्नियात पळून आलेली मंडळी ती हीच का? मी तीस वर्षे मुंबईत आणि कोल्हापुरात निर्मिती-व्यवस्थापनाचे काम केले आहे. वेस्टर्नपटांचा नाद मला लहानपणापासून आहे. पण पुढे मी त्यांचा जो अभ्यास केला, तो कथेपेक्षा खर्चाच्या वहीकडे पाहणाऱ्या माणसाने करावा तसा केला. म्हणून उत्तरही त्याच अंगाने देतो.

ट्रस्टचा प्रश्न आधी निकालात काढू. मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी, म्हणजेच कॅमेरा-प्रोजेक्टरच्या पेटंटांच्या जोरावर धंदा मुठीत ठेवणारा तो ट्रस्ट, डिसेंबर १९०८ मध्ये उभा राहिला. त्याच्या जाचातून सुटण्यासाठी सगळे पश्चिमेला धावले ही कथा ऐकायला चांगली आहे. परंतु १९०९ मध्ये लॉस एंजेलिसला ठाण मांडणारी शिकागोची सेलिग पॉलिस्कोप कंपनी स्वतःच ट्रस्टची सभासद होती, आणि काउबॉयपटांवर नाव कमावणारी एसने कंपनीही सभासदच होती. त्यांना तिथे नेले ते उन्हाने, डोंगरांनी आणि स्वस्त मजुरीने. खुद्द हॉलिवूड गावात पहिला स्टुडिओ थाटला तो मात्र ट्रस्टबाहेरच्या नेस्टर कंपनीने, ऑक्टोबर १९११ मध्ये, सनसेट बुलेव्हार्ड आणि गाउअर स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या एका जुन्या खानावळीत. १९१५ मध्ये न्यायालयाने ट्रस्ट बेकायदा ठरवला. तुम्ही ज्यांच्याविषयी विचारता ते १९३० च्या दशकातले निर्माते त्यानंतरच्या पिढीचे. त्यांना छळणारी माणसे वेगळी होती, आणि त्यांच्याकडे पेटंट नव्हते, थिएटरे होती.

तरीही या धंद्याचे दोन पूर्वज त्या पहिल्या काळातच सापडतात, आणि त्यांच्याकडून पुढच्यांनी काय उचलले हे पाहण्यासारखे आहे. गिल्बर्ट अँडरसन हा मूळचा मॅक्स अ‍ॅरनसन. १९०३ च्या रेल्वे दरोड्याच्या प्रसिद्ध लघुपटात त्याने किरकोळ कामे केली, १९०७ मध्ये जॉर्ज स्पूरबरोबर एसने कंपनी काढली आणि कॅलिफोर्नियातल्या नाइल्स गावी तळ ठोकून ‘ब्रॉन्को बिली’ या नावाने जवळजवळ दर आठवड्याला एक छोटा चित्रपट तयार केला. कथा बदलत, इतर पात्रे बदलत, पण नायक तोच राही. बाजारात विकायची वस्तू चित्रपट नसून मालिका आणि तिच्यावरचे नाव आहे, हे त्याने सिद्ध केले.

दुसरा थॉमस इन्स. १९११ च्या अखेरीस मिलर बंधूंचा ‘१०१ रँच’ हा वाइल्ड वेस्ट सर्कशीसारखा ताफा हिवाळ्यापुरता व्हेनिस या किनाऱ्यावरच्या गावी मुक्कामाला होता. घोडे, बैल, गाड्या, तंबू, खरे काउबॉय, खरे इंडियन असा सारा लवाजमा तिथे रिकामा बसून खात होता. इन्सच्या कंपनीने तो आठवड्याला २,५०० डॉलरच्या बोलीने पदरी घेतला आणि सांता इनेझ कॅनियनमध्ये वस्ती उभी केली, तीच पुढे इन्सव्हिल म्हणून ओळखली गेली. इन्स स्वस्तातला निर्माता नव्हता. पण त्याने प्रत्येक दृश्याचा तपशील आधी कागदावर उतरवण्याची शिस्त घातली. एका ठिकाणची सगळी दृश्ये, मग ती कथेत कुठेही असोत, सलग उरकायची, कलाकार बसून राहू द्यायचा नाही आणि कागदावर नसलेल्या गोष्टीवर फूटभरही फिल्म खर्चायची नाही. आज आपण ज्याला शेड्यूल म्हणतो, त्याचे बरेचसे श्रेय या माणसाला द्यावे लागते. सहा दिवसांत चित्रपट पुरा करणाऱ्यांचे सारे शास्त्र याच कागदावर उभे आहे.

आता मूळ मुद्दा. या निर्मात्यांबद्दल ‘कंजूस’ हा शब्द सहज वापरला जातो. पण हे लोक किती खर्च करायचा हे स्वतः ठरवतच नव्हते. ते उत्पन्नाने आधीच ठरवून ठेवलेले असे. मोठ्या स्टुडिओचा मोठा चित्रपट थिएटरला टक्केवारीवर दिला जाई, म्हणजे गर्दी लोटली तर निर्मात्याचा वाटाही फुगे. छोट्या वेस्टर्नपटाला ते भाग्य नव्हते. तो ठरावीक भाड्याने जाई: इतके डॉलर द्या आणि शुक्रवार-शनिवार दाखवा. खेळाला पोरांची झुंबड उडो की पावसाने हॉल रिकामा राहो, भाडे तेवढेच. तोट्याची भीती त्यामुळे कमी होती, पण नफ्यालाही छत होते, आणि ते छत फार खाली होते.

हिशोब समजावा म्हणून माझ्या मनाने आकडे घेतो. ते कोणत्याही कंपनीचे नाहीत. समजा एका चित्रपटाला वर्षा-दोन वर्षांत ४,००० ठिकाणी बुकिंग मिळाले आणि सरासरी भाडे ८ डॉलर पडले. एकूण ३२,००० डॉलर. त्यातले चाळीस टक्के स्थानिक वितरकाचे गेले, उरले १९,२००. प्रिंटा, पोस्टरे आणि वाहतूक यांचे ४,००० वजा केले की १५,२०० राहतात. आता चित्रपट १२,००० मध्ये झाला तर ३,२०० सुटतील. १८,००० मध्ये झाला तर तो कितीही सुंदर असो, निर्माता बुडाला. चांगल्या छायाचित्रणासाठी चार दिवस जास्त घेतले म्हणून टेक्ससमधल्या एखाद्या खेड्यातला थिएटरवाला आठाऐवजी नऊ डॉलर देणार नव्हता. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. इथे अंथरूण दुसऱ्याचे होते आणि त्याची लांबी आधीच मोजून दिलेली होती.

हे अंथरूण मिळण्याची व्यवस्थाही समजून घ्यायला हवी. पॅरामाउंट, एमजीएम, फॉक्स, वॉर्नर यांच्या मालकीची थिएटरे मोठ्या शहरांत होती आणि तिथे परक्या छोट्या निर्मात्याला प्रवेश नव्हता. उरली ती खेड्यापाड्यांची, दक्षिणेतली, मध्य-पश्चिमेतली, खाणी आणि शेतांच्या गावांतली स्वतंत्र थिएटरे. त्यांच्यापर्यंत पोचायचे तर ‘स्टेट्स राइट्स’ पद्धत होती: देशाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाचे हक्क तिथल्या एका वितरकाला विकायचे. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको, कारण आपल्या धंद्यातली टेरिटरी ती हीच. विदर्भ अजून सी.पी.-बेरारमध्ये आणि मराठवाडा निजाममध्ये मोजणाऱ्या आपल्या वितरकांना अमेरिकेतल्या त्या एक्सचेंजवाल्याची, म्हणजे स्थानिक वितरकाची, भाषा पहिल्याच वाक्यात कळली असती.

निर्माता हिवाळ्याच्या शेवटी किंवा उन्हाळ्यात एक पत्रक छापे: येत्या हंगामात अमुक नटाचे सहा किंवा आठ चित्रपट, त्यांची नावे अशी. पटकथा तर दूरच, पुष्कळदा गोष्टही ठरलेली नसे. वितरक नटाचे नाव पाहून संपूर्ण मालिका घेई, काही आगाऊ रक्कम देई किंवा देण्याचे लेखी वचन देई, आणि त्या वचनावर निर्माता पैसा उभा करी. पहिल्या चित्रपटाचे पैसे येईपर्यंत तिसरा चालू झालेला असे. चक्र थांबले की सगळे संपले. म्हणूनच या कंपन्या दोन-तीन वर्षांत उगवतात, मावळतात आणि तीच माणसे नव्या पाटीखाली पुन्हा दिसतात.

पैसा उभा करायचा म्हणजे कुणाकडे, हे मला या सर्व कहाणीतले सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते. बँका या लोकांना दारात उभे करत नसत. उधारी मिळे ती लॅबोरेटरीकडे. फिल्म धुण्याचे आणि प्रिंटा काढण्याचे बिल लॅब थकवू देई, प्रसंगी वरून रोख पैसेही देई. तारण म्हणून निगेटिव्ह तिच्याच कपाटात असे. निगेटिव्ह ज्याच्या ताब्यात, चित्रपट त्याचा. आमच्या काळातही मुंबईत फायनान्सरचे पत्र लॅबकडे असल्याशिवाय काम सुरू होत नसे, आणि एका निर्मात्याची तयार झालेली निगेटिव्ह थकबाकीपायी लॅबमध्ये अडकून पडलेली मी आठ महिने रोज डोळ्यांनी पाहिलेली आहे.

हर्बर्ट येट्स हा तंबाखूच्या धंद्यातून आलेला माणूस ‘कन्सॉलिडेटेड फिल्म इंडस्ट्रीज’ या मोठ्या लॅबचा मालक होता, आणि पॉव्हर्टी रोवरच्या बहुतेक कंपन्या त्याच्या देणेकरी होत्या. १९३५ मध्ये त्याने त्या देण्याचा लगाम खेचला. रे जॉन्स्टन आणि ट्रेम कार यांची मोनोग्रॅम, नॅट लेव्हाइनची मॅस्कॉट, शिवाय लिबर्टी, मॅजेस्टिक, चेस्टरफील्ड आणि इन्व्हिन्सिबल या कंपन्या त्याच्या छत्राखाली आल्या आणि रिपब्लिक पिक्चर्स जन्माला आली. कोणाकडे वितरणाचे जाळे होते, लेव्हाइनकडे विनोदपटांचा निर्माता मॅक सेनेट याचा जुना स्टुडिओ आणि मालिकापट तयार करणारी तरबेज माणसे होती, येट्सकडे उधारीची वही होती; आणि त्या वहीपुढे बाकीचे सगळे नमले. जॉन्स्टन आणि कार यांचे त्याच्याशी पटले नाही, ते बाहेर पडले आणि १९३७ मध्ये मोनोग्रॅम पुन्हा उभी राहिली. लेव्हाइननेही त्याच वर्षी आपला हिस्सा सोडला.

‘पॉव्हर्टी रो’ हा शब्द वर आला, त्याचा थोडा खुलासा करतो. सनसेट आणि गाउअरच्या परिसरात, म्हणजे नेस्टरची खानावळ होती त्याच टापूत, भाड्याने मिळणाऱ्या छोट्या स्टुडिओंची दाटी होती. कोलंबिया कंपनीचीही सुरुवात तिथलीच. दारिद्र्याची गल्ली हे नाव आधी त्या रस्त्याचे होते, पुढे साऱ्या स्वस्त निर्मितीचे झाले. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानासमोर रोज सकाळी खरे काउबॉय टोपी, बूट आणि खोगीर यांसकट कामाची वाट पाहत उभे असत, त्यावरून त्या चौकाला ‘गाउअर गल्च’ म्हणत. मोकळी कुरणे कुंपणाखाली गेल्यावर पोटासाठी आलेली ही हातावर पोट असलेली माणसे होती. निर्मात्याला त्यांच्यात तीन गोष्टी एका मजुरीत मिळत: घोड्यावर बसणारा, पडणारा आणि स्वतःचे कपडे घालून येणारा माणूस. वेशभूषेचे खाते त्यामुळे जवळजवळ कोरे राही. घोडे आणि गाड्या हडकिन्स बंधूंच्या किंवा फॅट जोन्सच्या तबेल्यातून दिवसाच्या भाड्याने येत.

सहा दिवसांच्या कामाकडे येतो. पाच-सहा रिळांचा, पंचावन्न मिनिटांचा चित्रपट म्हणजे ध्वनिपटाच्या वेगाने मिनिटाला ९० फूट धरून सुमारे ४,९५० फूट. सहा दिवसांत तो पुरा करायचा तर रोज नऊ मिनिटांहून अधिक उपयोगी चित्रण हाती लागले पाहिजे. आमच्याकडे दिवसाला तीन मिनिटे झाली की दिग्दर्शक खूश असे. सहाच दिवस का, तर कलाकारांचा मेहनताना आठवड्यावर होता आणि आठवडा शनिवार धरून मोजला जाई. सातवा दिवस म्हणजे दुसरा आठवडा. पहाटे बस निघे, सूर्योदयाला पहिला शॉट, आणि ऊन संपेपर्यंत काम. नटांची संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली, पण मोठ्या स्टुडिओंनीसुद्धा तिला १९३७ मध्येच मान्यता दिली. तोवर तासांचा हिशोब विचारणारे कुणी नव्हते, आणि या स्वस्ताईतला मोठा वाटा त्या न विचारलेल्या तासांचा आहे हे कबूल करायला हवे.

जागा निवडताना निर्माता निसर्गसौंदर्यापेक्षा बसचे पेट्रोल पाहत असे. चॅट्सवर्थजवळचे आयव्हर्सन रँच, न्यूहॉलकडचे प्लेसरिटा कॅनियन, व्हास्केझ रॉक्स, आणि अगदीच घाई असेल तर हॉलिवूडच्या डोक्यावरची ब्रॉन्सन कॅनियनची जुनी दगडखाण. आयव्हर्सनचे ते गोलसर खडक ज्याने दहा वेस्टर्नपट पाहिले आहेत त्याला आपल्या गल्लीसारखे पाठ असतात. सिएरा पर्वताच्या पायथ्याचे लोन पाइन त्याहून देखणे; पण तिथे मुक्काम करावा लागे, म्हणजे जेवणखाण आणि खोल्या आल्या, म्हणून तिकडे जाणे ऐपतवाल्यांनाच परवडे. लाकडी दुकानांचा तयार रस्ता दिवसाच्या भाड्याने मिळे, आणि एकदा भाडे भरले की त्या दिवसात दोन चित्रपटांची रस्त्यावरची दृश्ये उरकण्याचा मोह कुणाला आवरत नसे.

या चित्रपटांत घोडदौड एवढी का, असे प्रेक्षक विचारतात. मुलांना ती आवडे हे खरेच. पण खरे कारण असे की घोडदौड हे सर्वांत स्वस्त फुटेज आहे. संवाद म्हटला की मायक्रोफोन आला, वारा आला, चुकलेली ओळ आली, पुन्हा टेक आला. घोडदौड मुकी घेता येते, टापांचे आवाज नंतर चढवता येतात. कॅमेरा एका खडकाशी रोवायचा, आधी दरोडेखोर धुरळा उडवत जाऊ द्यायचे, मग त्याच वाटेने नायक, मग शेरीफची टोळी. कॅमेरा वळवला की तीच माणसे दुसऱ्या खोऱ्यातून निघालेली दिसतात. अर्ध्या दिवसात दोन चित्रपटांची बेगमी होते. रात्रीची दृश्ये भर दुपारी फिल्टर लावून, उजेड दाबून घेतली जात. दिवे आणि जनरेटर यांचे भाडे वाचले. या काळोखात माणसांच्या काळ्याभोर सावल्या जमिनीवर स्पष्ट दिसतात, पण शनिवारच्या खेळाला तक्रार कोण करतो?

जुन्या चित्रणाचा पुनर्वापर हे तर वेगळे शास्त्र. त्याचे सर्वांत चतुर उदाहरण पॉव्हर्टी रोवरचे नाहीच, ते वॉर्नरच्या घरातले आहे. १९३२-३३ मध्ये लिऑन श्लेसिंगर याने, ज्याला आज लोक केवळ व्यंगपटांमुळे ओळखतात, जॉन वेनला घेऊन सहा वेस्टर्न केले. केन मेनार्डचे १९२० च्या दशकातले महागडे मूक वेस्टर्नपट वॉर्नरच्या ताब्यात आले होते. श्लेसिंगरने वेनला मेनार्डसारखे कपडे चढवले, तसाच पांढरट घोडा दिला, आणि उधळलेल्या गुरांचे कळप, गाड्यांच्या शर्यती, गर्दीची दृश्ये सरळ त्या जुन्या चित्रपटांतून उचलली. लांबून दिसतो तो मेनार्ड, जवळून दिसतो तो वेन. मूकपटाच्या मंद गतीने घेतलेले चित्रण ध्वनिपटाच्या यंत्रावर थोडे वेगाने पळते. पाठलागात ते उणे न ठरता फायद्याचेच ठरले.

घोडा पाडण्याचा ‘रनिंग डब्ल्यू’ हा प्रकार मात्र मला कधी सहन झाला नाही. घोड्याच्या पुढच्या पायांना तारा बांधायच्या, त्यांचे दुसरे टोक जमिनीत पुरायचे आणि भरधाव घोडा तार संपली की तोंडघशी पडायचा. काही घोडे उठत, काही उठत नसत. असा एक चांगला ‘पडाव’ हाती लागला की तो दहा चित्रपटांत फिरे, एवढीच त्यातली मेहेरबानी. एका मोठ्या स्टुडिओच्या चित्रपटात कड्यावरून पडून घोडा मेल्यानंतर ओरड झाली आणि १९४० पासून प्राणिरक्षण संस्थेची देखरेख आली.

याच जॉन वेनने १९३३ ते १९३५ या काळात मोनोग्रॅमसाठी पॉल माल्व्हर्नच्या ‘लोन स्टार’ मालिकेत सोळा चित्रपट केले. कुणाला या धंद्याचा उत्तम नमुना पाहायचा असेल तर मी हीच मालिका सुचवतो. दिग्दर्शन बहुतेक वेळा रॉबर्ट ब्रॅडबरीचे, ज्याचा मुलगा बॉब स्टील हा स्वतः याच बाजारातला नायक होता. कॅमेऱ्यामागे आर्ची स्टाउट. खलनायक, स्टंटमन, नायकाचा बदली आणि वेळ पडली तर इंडियन स्वार या सर्व भूमिकांत यकिमा कनट. कित्येक पाठलागांत तो स्वतःच्याच मागे धावत असतो. वेन, कनट आणि ब्रॅडबरी यांनी मारामारीची नवी तऱ्हा बसवली: ठोसा चेहऱ्याजवळून हवेत मारायचा आणि कॅमेरा अशा कोनात ठेवायचा की तो लागल्यासारखा दिसेल. तोवर खांद्यावर खरेच बुक्के मारत, त्यात माणसे दुखावत आणि वेळ जाई. वेळेची तंगी नसती तर ही युक्ती सुचायला आणखी काही वर्षे गेली असती असे मला वाटते. वेनला एका चित्रपटामागे सुमारे २,५०० डॉलर मिळत, म्हणजे स्वस्त चित्रपटातला सर्वांत मोठा एकरकमी खर्च नायकाचाच. बाकी सगळीकडे कात्री चाले, नायकावर नाही, कारण वितरकाने पैसे मोजले ते त्याच नावासाठी.

नायक मिळवण्याचीही रीत होती. मोठ्या स्टुडिओने ज्याच्या जाहिरातीवर दहा वर्षे पैसा ओतला आणि नंतर सोडून दिला, असा नट शोधायचा. हूट गिब्सन युनिव्हर्सलमधून सुटला तो एम. एच. हॉफमनच्या अलाइड कंपनीत आला. टिम मकॉय एमजीएममधून निघाला तो फिरत फिरत प्युरिटन आणि सॅम कॅट्झमनच्या व्हिक्टरीपर्यंत पोचला. टॉम मिक्सला नॅट लेव्हाइनने १९३५ मध्ये चार आठवड्यांचे ४०,००० डॉलर देऊन पंधरा भागांच्या मालिकापटात आणले. एवढ्या पैशात लेव्हाइनचे दोन-तीन पूर्ण चित्रपट झाले असते. पण त्याचे गणित चुकले नाही, कारण मिक्सचे नाव पाहून थिएटरवाल्याने सलग पंधरा आठवड्यांचे भाडे बांधून घेतले.

तळाच्या पायरीवरचे निर्माते याहून गमतीदार आहेत. व्हिक्टर अ‍ॅडमसन ऊर्फ डेन्व्हर डिक्सन कधी निर्माता, कधी दिग्दर्शक, कधी नट. त्याचे चित्रपट इतके स्वस्त की पाहताना आपल्यालाच संकोच वाटतो. हॅरी वेब आणि बर्नार्ड रे यांची रिलायबल कंपनी त्यापेक्षा एक इयत्ता वर, ए. डब्ल्यू. हॅकेलची सुप्रीम आणखी एक. १९४० च्या दशकात पीआरसी कंपनीत सिगमंड न्यूफेल्ड निर्माता आणि त्याचा भाऊ सॅम न्यूफील्ड दिग्दर्शक होता. सॅम इतके चित्रपट करी की एकाच माणसाचे नाव सारखे दिसू नये म्हणून पीटर स्टुअर्ट आणि शर्मन स्कॉट ही दोन टोपणनावे वाटून घेतली होती. दोनशेहून अधिक चित्रपट त्याच्या नावांवर, अनेकवचनी, जमा आहेत.

जेड ब्युएल याची गोष्ट निराळी. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय प्रेक्षकांची थिएटरे वेगळी होती आणि त्यांच्यासाठी काउबॉय नव्हता. हर्ब जेफ्रीज या गायकाने ही उणीव ओळखली, आणि १९३७ मध्ये ब्युएलने त्याला नायक करून सर्वस्वी कृष्णवर्णीय नटसंचाचा वेस्टर्न केला. चित्रीकरण व्हिक्टरव्हिलजवळच्या मरे यांच्या रँचवर झाले, ज्याचे मालक स्वतः कृष्णवर्णीय दांपत्य होते. पुढच्याच वर्षी याच ब्युएलने केवळ ठेंगू कलाकारांचा वेस्टर्न केला. पहिल्या प्रयोगात एका उपेक्षित प्रेक्षकाची दखल होती, दुसऱ्यात निव्वळ जत्रेतला तमाशा. ब्युएलच्या वहीत मात्र दोन्ही एकाच रकान्यात, ‘वेगळेपणा’ या सदराखाली असावेत.

रिपब्लिक आल्यावर चित्र पालटले. येट्सने स्वस्ताई टिकवली पण ती नीटनेटकी केली: स्वतःचा स्टुडिओ, स्वतःची लॅब, कायम नोकरीतले स्टंटमन, चांगले ध्वनिमुद्रण. जीन ऑट्रीला गात्या काउबॉयचा पहिला पूर्ण चित्रपट १९३५ मध्येच मिळाला, आणि गाणे हे घोडदौडीइतकेच स्वस्त फुटेज आहे हे सर्वांच्या लक्षात आले: एक झाड, एक गिटार, तीन मिनिटे. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत वाडिया मूव्हिटोनने नादियाला घेऊन ‘हंटरवाली’ आणला. अमेरिकन मालिकापटांवर पोसलेल्या वाडिया बंधूंचे घोडे, चाबूक आणि छपरांवरच्या उड्या यांचे नाते या गल्लीशी थेट पोचते.

ऑट्री इतका चालला की येट्सने त्याच्या चित्रपटांच्या शेपटाला आपले इतर चित्रपट बांधून थिएटरवाल्यांच्या गळ्यात मारायला सुरुवात केली. ही तक्रार आणि स्वतःचा तुटपुंजा मेहनताना या दोन कारणांवरून ऑट्री १९३८ मध्ये कामावर यायचा थांबला. येट्सने लिओनार्ड स्लाय नावाचा एक गायक उचलला, त्याला रॉय रॉजर्स हे नाव दिले आणि त्याच वसंतात नायक म्हणून पडद्यावर आणले. नाव महत्त्वाचे, पण नाव तयार करता येते, हे दाखवून देणारा हा डाव होता. ऑट्री परत आला, वाढीव पैसे घेऊन. येट्सकडे एकाऐवजी दोन गाते काउबॉय झाले.

पुढे खर्च वाढत गेला आणि भाड्याचे छत होते तिथेच राहिले. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिपब्लिकमध्ये सर्वांत खालच्या वर्गाचा सात दिवसांचा वेस्टर्नसुद्धा ५०,००० डॉलरच्या घरात गेला होता. पीआरसी १९४७ च्या सुमारास ईगल-लायन कंपनीत विलीन झाली, मोनोग्रॅमने १९५३ मध्ये अलाइड आर्टिस्ट्स हे नाव घेतले, आणि १९५४ नंतर मालिकेतला स्वस्त वेस्टर्न थिएटरात जवळजवळ दिसेनासा झाला. टेलिव्हिजनवर तीच गोष्ट फुकट दिसत होती. ती कोणी दाखवली, तर हॉपअलाँग कॅसिडी या काउबॉय-नायकाचे काम करणाऱ्या विल्यम बॉइडने, ज्याने आपले घरदार विकून जुन्या चित्रपटांचे हक्क घेतले आणि १९४९ मध्ये ते राष्ट्रीय वाहिनीवर आणून अमाप पैसा मिळवला. रॉय रॉजर्सने आपले चित्रपट टेलिव्हिजनला विकू नयेत म्हणून रिपब्लिकवर दावा लावला. खालच्या न्यायालयात तो जिंकला आणि १९५४ मध्ये अपिलात हरला.

छोट्या निर्मात्यांच्या हाती यातले फारसे लागले नाही. त्यांच्या हिशोबात दोन वर्षांनंतर चित्रपटाची किंमत शून्य धरलेली असे, आणि निगेटिव्हा तोवर लॅबकडे, वितरकाकडे किंवा घेणेकऱ्याकडे गेलेल्या असत. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे अठ्ठावीस वर्षांनी स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावे लागे, पण कित्येक चित्रपटांच्या बाबतीत ते करायला कुणी उरलेच नव्हते. म्हणून लोन स्टार मालिकेतले वेनचे चित्रपट आज कुणालाही मोफत पाहता येतात. पाहायला बसाल तेव्हा तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आयव्हर्सनचा तो गोल खडक येतो का, याकडे लक्ष ठेवा, आणि आला तर त्याच्या समोरून किती वेगवेगळ्या टोळ्या जातात ते मोजा. घोडे बहुधा तेच असतील.